हेडफोनची गळती

शुद्धलेखनाच्या चुका दिसतील, त्या पोटात घाला. माझी शाळा अर्ध्यातच सुटली आणि ऱ्हस्व-दीर्घाशी तेव्हापासून फारसं जमलेलं नाही. शब्दही साधेच येतात. पण जे घडलं ते साध्याच जागी, रोजच्याच कामात घडलं, त्यामुळे भारी शब्द मिळाले असते तरी इथे शोभले नसते. ज्याच्याबाबतीत घडलं त्याला मी चांगला ओळखतो. तो स्वतः सांगायला बसला तर आपल्या चपलांकडे बघत बसेल. म्हणून मी सांगतो.

स्टुडिओत त्याला सगळे मुक्या म्हणत. मुका नव्हता तो. चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की कान लाल व्हायचे आणि शब्द घशातच ठाण मांडून बसायचे, एवढंच. त्याची थोरली बहीण या नावावर हसायची. "मुक्या कसला? माझ्या कानात तर दिवसभर बडबडतो," म्हणायची. "तुमच्या वाट्याचं पण मलाच ऐकवतो."

ते खरंच होतं. ताईला दिसत नव्हतं. लहानपणी तापात दृष्टी गेली ती गेलीच. पण आवाज असा होता की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी अंगावर जुनी मऊ चादर ओढून देतंय. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, हे तिचं काम. जिला दिसत नाही ती पुस्तक वाचते कशी, असं नवीन माणूस विचारायचाच. ठिपक्यांच्या लिपीत सगळीच पुस्तकं मिळत नाहीत, आणि मिळाली तरी कागदावर बोटं फिरतात त्याची खरखर माइक टिपतो. म्हणून दोघा भावंडांनी आपली एक रीत बसवली होती. काचेच्या पलीकडे, बूथमध्ये, ताई हेडफोन लावून माइकसमोर बसायची. काचेच्या अलीकडे मुक्या पुस्तक घेऊन बसायचा आणि एका बटणावर बोट ठेवून एकेक वाक्य तिच्या कानात कुजबुजायचा. ती ते वाक्य आपल्या आवाजात म्हणायची, आणि ती म्हणत असतानाच तो पुढचं सांगायचा. तो कायम एक वाक्य पुढे. सुरुवातीला दरवेळी तो म्हणायचा, "ताई, सरळ बस," आणि ती पाठ ताठ करायची. मग दोघं मिळून अख्खं पुस्तक पार करायची. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नसे की वाचणारे दोन आहेत.

रस्त्यावरही तेच. "पायरी आहे. जरा डावीकडे. थांब, सायकल." तो बरोबर असला की ताई काठी घडी करून पिशवीत टाकायची. तो म्हणाला पाऊल टाक, की ती टाकायची. खाली काय आहे ते तिने कधी विचारलं नाही.

स्टुडिओ एका जुन्या व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर होता, पण त्याला खिडकी एकही नव्हती. बाहेर ऊन आहे की अंधार, आत कळायचं नाही. भिंतींना जाड काळा फोम. बोललेला शब्द तोंडातून निघाला की तिथेच विझायचा, घुमायचा म्हणून नाही. बूथला दोन दारं होती. एक कंट्रोल रूमकडे, म्हणजे मुक्या बसायचा त्या खोलीकडे. दुसरं मागच्या बाजूला, मोठी वाद्यं आत आणण्यासाठी. त्याच्या बाहेर एक अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला सामानाची लिफ्ट. त्या महिन्यात ती लिफ्ट दुरुस्तीला काढली होती. पाळणा नव्हता, दार नव्हतं. खाली तळापर्यंत सरळ काळोखी विहीर, आणि तिच्या तोंडावर आडवा बांधलेला एक दोर. मागच्या दाराला आतून कडी असायची. मुक्या रोज ताईला सांगायचा, "मागच्या दाराकडे जायचं नाही." आणि ताई रोज म्हणायची, "बरं, आजोबा."

त्या दिवशी दुपारी एका निवृत्त माळ्याच्या आठवणींच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण साफ करून द्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी ते प्रकाशकाकडे जायचं होतं. हे पुस्तक पसंत पडलं तर ताईला वर्षभराचं काम मिळणार होतं. एखाददुसरं वाक्य पुन्हा म्हणावं लागलं तर, म्हणून ताई बूथमध्ये हेडफोन लावूनच बसली होती. तिचा माइक चालू होता. काचेतून दिसत होती ती, मांडीवर हात ठेवून, डोकं जरा एका बाजूला कलतं करून. ती नेहमी तशीच बसायची. भिंतीशी बोलणं चालू असल्यासारखी.

मुक्याचा समोरचा एक दात दोनच दिवसांपूर्वी काढला होता. नवा बसवायला उद्या सकाळी जायचं होतं. तोपर्यंत त्याच्या प्रत्येक 'स'मधून शिट्टी वाजत होती, आणि घरीदारी सगळ्यांना फुकटची करमणूक झाली होती.

"काय रे मुक्या, देवाने तुला वाचा दिली नाही, पण बासरी दिली," भोंगा म्हणाला. भोंगा म्हणजे रेकॉर्डिंगचं काम बघणारा माणूस. तो कुजबुजला तरी शेजारच्या दुकानात ऐकू जायचं, म्हणून भोंगा. दारात उभा राहून तो चहा पीत होता. "एकदा 'ससा' म्हणून दाखव ना. बरं, राहू दे. काय करतोयस?"

"गळती काढतोय."

गळती म्हणजे हेडफोनमधून बाहेर पाझरणारा आवाज. मुक्याची कुजबुज ताईच्या कानात जायची, पण थोडी हेडफोनच्या कडेने निसटायची, आणि समोरचा माइक ती टिपायचा. ताईच्या आवाजाखाली, भिंतीत ओल असावी तशी, एक बारीक कुजबुज राहायची. ती काढायला मुक्या कॉम्प्युटरवर ग्राफिक इक्वलायझर उघडायचा. पडद्यावर उभ्या पट्ट्यांची एक रांग. डावीकडच्या पट्ट्या जाड, गुरगुरत्या आवाजाच्या. उजवीकडे जावं तसा आवाज बारीक होत जातो, अगदी शेवटी नुसता वारा. पट्टी वर सरकवली की तेवढाच सूर वाढतो, खाली ओढली की तेवढाच कमी होतो. नको तो आवाज नेमका कुठे दडलाय ते शोधायचं असेल तर एकेक पट्टी पार वर न्यायची. ज्या पट्टीवर तो ओरडून वर येईल ती धरायची आणि खाली दाबायची.

"बायपास बघ रे बाबा," भोंगा म्हणाला. "नाहीतर माझ्यासारखं व्हायचं. ते बटण दाबलेलं राहिलं, आवाज सगळा इक्वलायझरला वळसा घालून चाललेला, आणि मी अर्धा तास पट्ट्या फिरवतोय. शेवटी गिऱ्हाइकाला म्हटलं, बघा आता कसा गोडवा आला. गिऱ्हाईक म्हणालं, हो हो, आला की. पट्ट्या बंदच. पण आला, म्हणे."

मुक्या हसला. या धंद्यात प्रत्येकाचं कधी ना कधी असं झालेलं असतं. हात फिरला की कानाला वाटतं, आवाज बदलला. भोंगा चहा संपवून बाहेरच्या खोलीत फोन करायला गेला आणि जाड दार मागे मिटलं.

मुक्याने शेवटच्या प्रकरणाचं झालेलं रेकॉर्डिंग लावलं. ताईचा आवाज खोलीत पसरला. माळी बागेतल्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगत होता. मुक्याने एकेक पट्टी वर नेऊन बघितली. डावीकडे नुसती घरघर. मधल्या पट्ट्यांवर ताईचा आवाज पुढे यायचा आणि पुन्हा मागे जायचा. मग उजवीकडच्या एका पट्टीवर ती कुजबुज वर आली. एकदम स्पष्ट. ताईच्या एक वाक्य पुढे.

त्याचाच आवाज. स्वतःचा आवाज ऐकून त्याला नेहमीसारखी लाज वाटली. त्याने पट्टी खाली ओढली. कुजबुज गेली. वर नेली, आली. खाली ओढली, गेली. इतकी स्वच्छ की नख लावून सोलून काढल्यासारखी. आजवर गळती इतकी सहज कधीच निघाली नव्हती. तो मनातल्या मनात खूश झाला.

प्रकरण शेवटाकडे आलं. ताई म्हणाली, "मी फाटक ओढून घेतलं आणि मागे वळून पाहिलं नाही." इथे पुस्तक संपत होतं. मुक्याचा हात थांबवायला पुढे झाला. पण ताई थांबली नव्हती. थोडा श्वास, आणि मग त्याच मऊ आवाजात:

"आता ऊठ. मागचं दार उघडं आहे."

त्याने पुस्तक उचललं. शेवटचं पान काढलं. फाटक होतं, मागे वळून न पाहणं होतं, आणि त्याखाली कोरा कागद. उठ म्हणणारं, दार उघडं असल्याचं सांगणारं काही नव्हतं.

आपण असं का सांगितलं असेल, असा विचार त्याच्या मनात आला. आणि त्याच क्षणी आठवलं, की त्याने काहीच सांगितलं नव्हतं. हे प्रकरण रेकॉर्ड झालं त्या दुपारी तो दंतवैद्याच्या खुर्चीत होता, तोंडात कापूस. त्या दिवशी ताईला वाक्यं भोंगा सांगणार होता.

त्याने दार ढकलून भोंग्याला बोलावलं.

"परवा ताईला तू वाचून दाखवलंस ना?"

भोंगा जरा चुळबुळला. "अरे, खरं सांगू का, मी जरा खाली गेलो होतो. एक फोन होता. परत येतो तर ताई आपली जोरात सुरू. म्हटलं, मुक्या लवकर सुटून आला वाटतं. बरंच झालं, माझ्या आवाजाने तिचे कान फुटले असते."

"मी आलो नव्हतो."

"आला नव्हतास काय? खुर्चीत बसलेला होतास की. दिवा बारीक केलेला, तुझी ती पाठ वाकलेली. मी दारातूनच बघितलं आणि फिरलो." भोंगा हसत होता, पण मुक्याचा चेहरा बघून हसू ओठांवर तसंच राहून गेलं. "तू गंमत करत नाहीयेस ना रे…"

मुक्या गंमत करत नाही, हे भोंग्याला ठाऊक होतं.

दोघंही पडद्याकडे वळले. प्रकरण पुन्हा सुरू केलं. मुक्याने ती पट्टी वर नेली. कुजबुज आली. भोंग्याने ओठ चावला. "तुझाच आवाज आहे रे." खाली ओढली. कुजबुज गेली. मग भोंग्याने हळूच बोट पुढे केलं, पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे.

"मुक्या… बायपास…"

बटण दाबलेलं होतं. नारिंगी उजेड. मघाशी पहिल्या झटक्यात कधीतरी त्यानेच ते दाबलं असणार, साफ केलेला आणि न केलेला आवाज ताडून बघायला, आणि विसरला असणार. इक्वलायझर बंद होता. सगळा वेळ बंदच होता. पट्ट्या नुसत्या चित्रातल्यासारख्या वर-खाली होत होत्या, आवाजाला त्यांचा स्पर्शही नव्हता.

मग कुजबुज वर-खाली कशी होत होती?

कानाला भास होतो, हे मुक्याला माहीत होतं. पण दोघांच्या कानांना एकच भास, एकाच वेळी? त्याने माउसवरून हात काढला. प्रकरण चालू ठेवलं. आणि नुसता मोकळा हात हवेत हळूहळू वर नेला.

कुजबुज वाढली.

हात खाली आणला. कुजबुज विझत गेली.

भोंग्याने त्याचा दंड धरला. त्या आवाजात इक्वलायझर काहीच करत नव्हता. ते जे काही होतं, ते त्याच्या हाताकडे बघत होतं. त्याचा हात खाली जाईल तसं गप्प बसत होतं, शहाण्या मुलासारखं, आपण निघून गेलो असं त्याला वाटावं म्हणून.

त्याने प्रकरण बंद केलं. ताईचा रेकॉर्ड केलेला आवाज थांबला. खोलीत जरा जळल्यासारखा, तापलेल्या धुळीचा वास आला.

कुजबुज थांबली नाही.

ती आता ताईच्या चालू माइकमधून स्पीकरवर येत होती. म्हणजे आत्ता, या घडीला, ताईच्या हेडफोनमधून कुणाचा तरी आवाज पाझरत होता. कानात बोलायच्या बटणाचा दिवा विझलेला होता. त्याचं बोट त्याच्या जवळपासही नव्हतं.

काचेपलीकडे ताईने मान डोलावली.

"हो, उठते," ती म्हणाली.

ती उठली. हात पुढे करून वळली. आणि कंट्रोल रूमच्या दाराकडे न येता मागच्या दाराकडे चालू लागली. काठी पिशवीत होती. भाऊ बरोबर असताना ती काठी घेत नसे.

मुक्याने बटण दाबलं. "ताई, थांब… थांब तिथेच."

ती थांबली. तिचा हात कडीवर पोचला होता. कपाळावर बारीक आठी पडली. "अरे, एकदा म्हणतोस चल, एकदा म्हणतोस थांब. नीट काय ते सांग ना."

कुजबुज पुन्हा सुरू झाली. शब्द लागत नव्हते, पण लय ओळखीची होती. तीच हळुवार घाई, तोच वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडणं. रस्ता ओलांडताना तो ताईशी असाच बोलायचा. ताईने कडी अर्धी सरकवली.

"ताई, तो मी नाही."

"कोण मी नाही?" ती म्हणाली. आणि मग ती अगदी स्तब्ध झाली. दिसत नसलेल्या माणसाचं ऐकणं वेगळं असतं. सगळं अंग कान होतं. मग हलकेच म्हणाली, "सोन्या… आपण सुरू करताना जे म्हणतोस, ते म्हण."

त्याने बटण पुन्हा दाबलं. "ताई, सरळ बस."

दोन्ही 'स'मधून शिट्टी वाजली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या शिट्टीची लाज वाटली नाही.

आणि त्याच्या पाठोपाठ, एका श्वासाच्या अंतराने, ताईच्या हेडफोनमधून तेच वाक्य पाझरलं. स्वच्छ. दात शाबूत असलेल्या माणसाचं.

"दोघं आहात तुम्ही," ताई म्हणाली.

तिने कडीवरचा हात काढला, हेडफोन काढून जमिनीवर ठेवले आणि आहे तिथेच, दाराशी, मांडी घालून बसली. मुक्या जाड दार ढकलून आत धावला. त्याने तिचे दोन्ही हात धरले. भोंग्याने धडधडत येऊन मागची कडी पूर्ण लावली. मग जरा थांबून ती पुन्हा उघडली, दाराबाहेर डोकावला, आणि पुन्हा लावली. लिफ्टच्या तोंडावरचा दोर कुणीतरी सोडून नीट गुंडाळून बाजूला ठेवला होता, एवढंच तो म्हणाला.

"परवा पण म्हणाला होता उठ," ताई म्हणाली. "मला वाटलं गोष्टीतलंच आहे. मी म्हणून टाकलं."

भोंग्याचं म्हणणं होतं की कुलूप लावावं आणि पळावं. मुक्यालाही तेच हवं होतं. पण ताई उठली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "ते प्रकरण त्याने वाचलेलं आहे. त्याचं वाचलेलं मी देणार नाही. आपण पुन्हा वाचू. आत्ताच." वर्षभराचं काम होतं, आणि त्याहून जास्त, तो तिचा आवाज होता. कुणाच्या ओंजळीने तो पाणी पितो हे तिला ठरवायचं होतं.

म्हणून त्या दुपारी ते प्रकरण पुन्हा रेकॉर्ड झालं. हेडफोन नाहीत. मुक्या बूथमध्ये ताईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि तिच्या कानाशी वाकून एकेक वाक्य सांगत गेला, प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजवत. भोंगा मागच्या दाराला पाठ लावून खुर्ची टाकून बसला. आयुष्यात इतका वेळ तो कधी गप्प बसला नसेल. मध्येच एकदा ताईला शिट्टीचं हसू आलं, आणि मग तिघंही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ज्या खोलीत आवाज घुमत नाही तिथे ते हसणं फार लहान वाटलं.

फाटक ओढून घेतलं, मागे वळून पाहिलं नाही, आणि प्रकरण संपलं. त्यापुढे काही नव्हतं.

मग मुक्या पुन्हा इक्वलायझरसमोर बसला. बायपास बंद आहे हे बघितलं, भोंग्याला दाखवलं, पुन्हा बघितलं. या रेकॉर्डिंगमध्ये त्याची शिट्टी होती, उजवीकडच्या पट्ट्यांवर, सुईसारखी. त्याने ती शोधून खाली दाबली. ताईचा आवाज तेवढा राहिला. दुसरी कुजबुज कुठे आहे का म्हणून त्याने सगळ्या पट्ट्या एकेक करून वर नेल्या. नुसता हात हवेत वर-खाली करूनही पाहिला. काही नव्हतं. खोली ऐकत असावी तशी शांत होती, एवढंच.

घरी येताना ताई म्हणाली, "आता मला तोंडाने चालवू नकोस. आवाज काय, कुणीही उचलून नेतं. हात धर. चालायचं असेल तर दोनदा दाब, थांबायचं असेल तर एकदा. हात कोण उचलून नेणार?"

त्याने तिचा हात धरला आणि दोनदा दाबला. सगळा रस्ता दोघं तशीच गेली, न बोलता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे दंतवैद्याला फोन. आतल्या खोलीत, खिडकीपाशी उभा राहून. दात बसवायचा नाही, म्हणाला. आज नाही आणि पुढेही नाही. पलीकडची बाई विचारत होती, अहो पण का, समोरचा दात आहे, वाईट दिसेल. तो एकच दात त्याच्याकडे पुरावा म्हणून उरला होता. म्हणजे नसलेला दात. बाई काहीतरी समजावत राहिली आणि तो "हं, हं" करत राहिला.

बाहेरच्या खोलीतून ताईचा आवाज आला.

"अरे हो, आले. किती वेळा बोलावशील? ऐकलं, शिट्टीसकट ऐकलं."

फोन हातातून खाली पडला. बाहेरच्या दाराची कडी वाजली.

तो धावला तेव्हा ताई दाराबाहेर, जिन्याच्या पहिल्या पायरीच्या काठाशी उभी होती. पायात चपला होत्या. काठी मागे भिंतीला टेकवलेली. त्याने झेप घालून तिचा डावा हात धरला आणि एकदा दाबला. थांब.

ताई थांबली. तिने त्याच्याकडे तोंड वळवलं आणि हसली, थोडीशी वैतागून, रोज सकाळी हसायची तशी.

"एक तरी हात सोड की," ती म्हणाली. "दोन्ही धरून ठेवलेस तर कठडा कशाने धरू?"

तिचा उजवा हात पुढे होता, जिन्याच्या बाजूला, हवेत जरा उचललेला, बोटं कशावर तरी मिटलेली. आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती बोटं कुणीतरी दाबावीत तशी किंचित दबली. एकदा. मग दुसऱ्यांदा.